लाल टिपका

बजरंग थोरवतची अर्धी मिशी जळाली, तेव्हा मी बाकावर बसून शेंगदाणे खात होते.

तसं फार काही झालं नव्हतं. त्यानं चावी फिरवली, इंजिन एकदा खोकलं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फट्ट करून वीतभर जाळ बाहेर आला. बजरंग नेमका त्याच वेळी वाकून आत बघत होता. तो दचकून मागं सरकला, नाकाखाली हात नेला, आणि डाव्या बाजूची मिशी जागेवर नाही हे त्याच्या लक्षात आलं. वर्कशॉपभर पिसं भाजल्याचा वास सुटला.

"पेट्रोल जास्त झालं असंल, साहेब," तो म्हणाला.

"पेट्रोल जास्त झालं की इंजिन भिजतं, थोरवत," परीक्षक डोईफोडे साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले. "तुमचं पेटलंय. बसा."

ही १९८३ सालची गोष्ट. आमचं आयटीआय तालुक्याच्या गावचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या बॅचमधल्या निम्म्या लोकांची गॅरेजं आजही तिथल्या रस्त्यावर आहेत आणि माझी गाडी कधीतरी त्यांच्याच दारात बंद पडायची. मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला आम्ही सोळा जण होतो. पंधरा मुलगे आणि सोळावी मी, इंदुमती पाटोळे.

त्या दिवशीच्या परीक्षेवर माझं सगळं अडलं होतं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून अप्रेंटिसशिपचं पत्र आलं होतं, पण त्यातल्या 'उत्तीर्ण झाल्यास' या शब्दांखाली कुणीतरी शाईनं ठसठशीत रेघ मारली होती. प्रात्यक्षिकाचे मार्क बाहेरच्या परीक्षकांच्या हातात, वर्षभराच्या कामाचे पन्नास आमच्या खराडे सरांच्या हातात, आणि दोन्हीकडे पास व्हायला हवं. नाही झाले तर घरी आईनं मावशीकडून मागून आणलेलं शिलाई मशीन तेल घालून तयारच होतं. "मशीनच की ते बी," आई म्हणायची. "तुला मशीनच पायजे हाय न्हवं?"

परीक्षेतलं काम एकच होतं. वर्कशॉपच्या मधोमध लोखंडी स्टँडवर जुन्या अँबेसिडर गाडीचं इंजिन बसवलेलं होतं आणि त्याचा डिस्ट्रिब्युटर काढून शेजारच्या ट्रेमध्ये ठेवलेला. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणग्या वाटणारा. त्याच्या पोटात रोटर फिरतो, डोक्यावर काळी टोपी असते, टोपीच्या चार भोकांतून चार वायरी चार प्लगांना जातात. ज्या प्लगाची पाळी येईल त्याला ठिणगी. पाळी थोडी चुकली तर इंजिन कुरकुरतं, आणि पार उलटी झाली तर बजरंगच्या मिशीसारखं होतं. तो बसवायचा, वायरी लावायच्या, टायमिंग जुळवायचं, इंजिन चालू करून दाखवायचं. प्रत्येकाला फार तर अर्धा तास.

आता आमच्या इंजिनाची एक खासियत होती. त्या काळ्या टोपीवर एका भोकाजवळ लाल ऑइलपेंटचा टिपका होता. पहिल्या प्लगची वायर त्या टिपक्याशी लावायची आणि तिथून पुढं एक, तीन, चार, दोन असं जायचं, की इंजिन बिनबोभाट चालू. पुस्तकात पहिली वायर बरोबर त्याच्या समोरच्या भोकात दाखवली होती, पण पुस्तक उघडतंय कोण? टिपक्याचं हे गुपित जुनी बॅच नव्या बॅचला द्यायची. तेही वर्कशॉपमध्ये नाही, मागच्या टपरीवर, कटिंग चहाबरोबर. अकरा वर्षांची वहिवाट होती ती. मी मुलगी, टपरीवर कशी जाणार? मला तो टिपका म्हणजे रंगवाल्याचा शिंतोडा वाटत होता.

त्यामुळे फेब्रुवारीत जेव्हा पहिल्यांदा मला त्या इंजिनाला हात लावायला मिळाला, तेव्हा मी पुस्तकाप्रमाणे वायरी लावल्या. तोवर वर्षभर मी फक्त नट-बोल्टचे पाने पुसून मुलांच्या हातात देत होते. मी चावी फिरवली. सायलेन्सरमधून असा बार निघाला की माझ्या तोंडावर, ओढणीवर, वेणीवर सगळीकडे काजळी. पंधराच्या पंधरा जण पोट धरून हसले. बजरंग तर हसता हसता खालीच बसला. ही मजा बघायला त्यांनी आठवडाभर वाट बघितली होती, हे मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून माझं नाव काजळी. "काजळी, तेरा-चौदाचा पाना दे." "काजळी, आज डब्यात काय हाय?" हजेरीला सरांनी 'पाटोळे' म्हटलं की मागून कुणीतरी हळूच 'काजळी' म्हणायचंच.

मी घरी जाऊन रडले. मग तोंड धुऊन पुस्तक पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे टपरीवर गेल्यावर मी पहिला प्लग काढला, त्या भोकावर अंगठा दाबून ठेवला आणि दुसऱ्या हातानं हँडल मारून इंजिन सावकाश फिरवलं. पिस्टन वर येतो तो दोनदा. एकदा जळलेला धूर हाकलायला येतो, तेव्हा अंगठ्याला काही कळत नाही. एकदा पेट्रोलची हवा दाबत येतो, तेव्हा ती हवा अंगठा उडवून लावते. ठिणगी पडायला हवी ती याच वेळी. अंगठा उडाला तिथं मी हँडल थांबवलं आणि रोटर बघितला. तो पुस्तकातल्या जागेच्या बरोबर उलट्या बाजूला तोंड करून बसला होता, लाल टिपक्याकडे.

म्हणजे पुस्तक चुकलं नव्हतं आणि मीही नाही. डिस्ट्रिब्युटरला खालून फिरवणारा इंजिनातला दांडाच कुणीतरी अर्धा फेरा उलटा बसवला होता.

मी धावतच सरांकडे गेले. खराडे सर म्हणजे आडव्या अंगाचे, कानावर पेन्सिल, वर्षभरात कुणी त्यांचे दात बघितले नव्हते.

"सर, आपल्या इंजिनाचा दांडा उलटा बसलाय. अर्धा फेरा."

"कुणी सांगितलं?"

"अंगठ्यानं."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं, परत कानावर ठेवली. "पाटोळे, तू पाटी घेऊन शाळेत जात होतीस तेव्हापासून हे इंजिन चालतंय. पुस्तक मीपण वाचलंय. जा, पाने पूस."

मी पाने पुसले. पण त्या 'जा'चा मला फार राग आला होता, आणि माझा राग लवकर जात नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी स्वतः डिस्ट्रिब्युटर काढून ट्रेमध्ये ठेवला आणि कामं वाटली. चौघांनी फरशी धुवायची, चौघांनी टेबलं लावायची, बाकीच्यांनी हार-नारळ आणायचे. "आणि पाटोळे, तू दारात रांगोळी काढ. बाहेरचे साहेब येणारेत."

रांगोळी! वर्षभर ग्रीसमध्ये हात घातले त्याचं हे फळ. फरशी धुवून, टेबलं लावून सगळे निघून गेले. मी रांगोळीचा डबा घेऊन दारात बसले, पाच ठिपके काढले आणि सहाव्या ठिपक्याला माझा हात थांबला. मागं वळून बघितलं. इंजिन एकटं उभं होतं. डिस्ट्रिब्युटर काढलेला. दांडा बाहेर काढायला लागतो तो लांब बोल्ट भिंतीवरच्या फळीला टांगलेला.

मी तशीच उठले. अंगठा लावून पहिला पिस्टन वर आणला, डिस्ट्रिब्युटरखालची चकती सोडली, लांब बोल्ट दांड्याच्या डोक्यात फिरवला आणि पिळत पिळत दांडा वर ओढला. अर्धा फेरा वळवून परत आत सोडला. त्याचे दात तिरपे असतात, खाली जाता जाता तो गिरकी घेतो. पहिल्यांदा एक दात चुकला. पुन्हा काढला, पुन्हा सोडला, बसला. चकती जागेवर, प्लग जागेवर, बोल्ट फळीवर. मग घाईघाईनं पाच ठिपक्यांचं एक फूल केलं, त्याला दोन पानं काढली आणि सायकल घेऊन घरी गेले. लाल टिपका तेवढा तसाच ठेवला.

तर असे आम्ही परीक्षेला बसलो होतो.

बजरंगनंतर दुसरा गेला. त्यानं टिपक्याला वायर लावली, नमस्कार केला, चावी फिरवली. फट्ट. तिसऱ्यानं टिपक्यावर बोट ठेवून नीट खात्री करून घेतली. फट्ट. चौथा शहाणा निघाला, त्यानं चावी फिरवताना तोंड लांब ठेवलं, त्यामुळे त्याची मिशी वाचली. बाकावरची मुलं आता एकमेकांकडे बघायला लागली होती. मी शेंगदाण्याची सालं फुंकत होते. मला इतकी मजा येत होती की पुढं माझीही परीक्षा आहे हे विसरायला झालं होतं.

डोईफोडे साहेबांनी पेन मिटलं. "खराडे, हे इंजिन चालतं का?"

"अकरा वर्षं चालतंय, साहेब."

"मग जरा चालवून दाखवा."

मी हातातला शेंगदाणा तसाच धरून ठेवला. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी मुलांची खोड मोडायला गेले होते. सर त्यात कुठं नव्हतेच.

सरांनी बाह्या वर केल्या. हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं असेल. डिस्ट्रिब्युटर बसवला, हात न थांबवता वायरी लावल्या, पहिली टिपक्याशी. मुलांनी सुटकेचा श्वास सोडला. सरांनी चावी फिरवली आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा बार झाला. पत्र्यावरचे कावळे उडाले. शिपाई काय झालं म्हणून धावत आला आणि सरांचं तोंड बघून तसाच परत गेला.

कुणी हसलं नाही. सरांनी वायरी काढल्या, डिस्ट्रिब्युटर उपसला आणि टॉर्च घेऊन त्या भोकात वाकून बघायला लागले. कितीतरी वेळ ते वर आलेच नाहीत. त्यांच्या पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता. पंधरा पोरांसमोर, बाहेरच्या साहेबासमोर त्या माणसाची अब्रू मी काढली होती. मला खरंच उठून सांगावंसं वाटलं की हे मी केलंय. पण मी बसून राहिले. डोळ्यांसमोर आईचं शिलाई मशीन दिसत होतं.

सर उभे राहिले. एकेक बोट फडक्यानं पुसलं.

"इंजिन बरोबर आहे, साहेब," ते म्हणाले. "लावणारे चुकतायत. पुढचा नंबर घ्या. पाटोळे."

"पाचवा नंबर शेवाळे आहे," साहेब यादी बघत म्हणाले. "पाटोळे सोळावी."

"पाटोळेला घ्या."

मी उठले. सरांच्या शेजारून जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता हे बाईमाणसाला पुढं करून वेळ मारून नेतायत, असं मला वाटलं. ते वाटणं चुकीचं होतं, पण ते कळायला संध्याकाळ व्हायची होती.

मी पहिला प्लग काढला आणि भोकावर अंगठा ठेवला. हँडल फिरवलं. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी हवेनं अंगठा ढकलून दिला. पुलीवरची खूण काट्याला मिळवली. डिस्ट्रिब्युटर सोडला, दांड्याच्या खाचेत तो टक् करून बसला. रोटर जिकडे बघत होता त्या भोकात मी पहिली वायर लावली. टिपक्याच्या बरोबर समोर.

"ए काजळी! टिपका! टिपका तिकडं हाय!" मागून बजरंग दबक्या आवाजात ओरडला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला माझी दया आली होती.

"थोरवत, उरलेली मिशी सांभाळा," साहेब म्हणाले.

छोटा बल्ब जोडून ठिणगी पाडणारा पॉइंट नेमका कुठं उघडतो ते बघितलं आणि नट हातानंच थोडा आवळला. काढलेला पहिला प्लग परत लावला. देवाचं नाव घेतलं नाही, आईच्या मशीनचं घेतलं. चावी फिरवली.

इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू झालं.

मग मी डिस्ट्रिब्युटर दोन्ही हातांनी धरून कणाकणानं फिरवला. इकडे फिरवला की इंजिनाला धाप लागायची, तिकडे फिरवला की खडखडायचं, आणि मध्ये एक अशी जागा होती की त्याचा आवाज एकदम मऊ झाला. तिथं नट आवळला. डोईफोडे साहेबांनी आपला चहाचा कप उचलून चालू इंजिनाच्या डोक्यावर ठेवला. चहा थरथरला, पण थेंबभर सांडला नाही.

"हे अंगठ्याचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी सरांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

"खराडे सरांनी," मी म्हणाले.

"मग या चौघांना का नाही शिकवलं?"

"सगळ्यांनाच शिकवलं होतं, साहेब. हे सगळे त्या तासाला टपरीवर चहाला गेले होते."

पंधरा तोंडं उघडली आणि मिटली. 'आम्ही तिथं टिपक्याचं गुपित घ्यायला गेलो होतो' असं परीक्षकांना कोण सांगणार? खराडे सरांना जोराचा ठसका लागला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

साहेब भले होते. चौघांना जेवणानंतर पुन्हा बसू देतो म्हणाले. मी डबा उघडतेय तोच माझ्यासमोर सावली पडली. बजरंग अर्धी मिशी हातानं झाकून उभा होता, मागं चौदा जण.

"इंदूताई," तो म्हणाला, "ते अंगठ्याचं काय म्हणत हुतीस?"

मी भाकरी खाऊन होईपर्यंत त्यांना तिथंच उभं केलं. मग सांगितलं. संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा जणांचं इंजिन चालू झालं होतं.

पाच वाजता सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो लांब बोल्ट ठेवला होता. त्याच्या आट्यांमध्ये ग्रीस होतं आणि ग्रीसमध्ये पांढरी रांगोळी चिकटलेली होती.

शेजारी वर्षभराच्या कामाच्या मार्कांची यादी होती. माझ्या नावापुढचा रकाना कोरा होता.

"कुणी केलं?" सरांनी विचारलं.

"मी, सर."

"किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं. एकदा दात चुकला, म्हणून."

"वीस मिनिटं." सरांनी बोल्ट उचलला आणि नखानं आट्यातली रांगोळी काढायला लागले. "मला अकरा वर्षं मिळाली, तरी जमलं नाही."

"म्हणजे, सर?"

"हे वर्कशॉप सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी तो दांडा मीच बसवला. उलटा गेला. पाहुणे यायची वेळ झालेली. वायरी फिरवल्या, इंजिन चालू झालं. विसरायला नको म्हणून टिपका मारला. म्हटलं, उद्या सरळ करू. पहिली बॅच म्हणाली, सरांनी टिपका मारलाय म्हणजे तसंच असतं. मग कुठल्या तोंडानं सांगायचं? तू फेब्रुवारीत आलीस तेव्हा मला वाटलं, झालं, आता ही गावभर करणार. म्हणून घालवून दिलं तुला."

"सर, आज सकाळी... भोकात बघितलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"दांडा सरळ बसलाय एवढं कळलं. बसवणारी एकच असू शकते हेही कळलं." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "तू साहेबाला खरं सांगितलं असतंस तर ते बरोबरच झालं असतं, पाटोळे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच पेट्रोलची बाटली आणि फडकं माझ्या हातात कोंबलं. "रडत काय बसलीस? जा, टोपीवरचा तो टिपका पूस."

मी गेले आणि पुसला. सहज निघाला. अकरा वर्षांचा रंग होता, पण पेट्रोल लावल्यावर चार घासण्यांत गेला.

पुढं कारखान्यात मी अप्रेंटिस म्हणून लागले आणि तिथूनच फोरमन म्हणून निवृत्त झाले. शिलाई मशीन मावशीकडे परत गेलं. पण आधी निकाल लागला, त्याचं सांगायचं राहिलं. वर्षभराच्या कामाचे मला सरांनी पन्नासपैकी एकोणपन्नास दिले होते. एवढं सगळं होऊनसुद्धा मी गुणपत्रक घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलेच.

"सर, एक मार्क कुठं गेला?"

सरांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं, आणि तेव्हा मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले.

"रांगोळी भिकार होती," ते म्हणाले.